नोटरीसमोर सही करणाऱ्याची ओळख कशी पटवतात? (अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी)

करंजवन

नमस्कार मंडळी,

मी कॅलिफोर्नियात नोटरी पब्लिक आहे. माझ्याकडे येणाऱ्या मराठी लोकांची कामं साधारण ठरलेली असतात. भारतातल्या फ्लॅटसाठी किंवा शेतजमिनीसाठी मुखत्यारपत्र, बँकेसाठी प्रतिज्ञापत्र, मुलांच्या पासपोर्टसाठी आईवडिलांची संमती. मजकूर वकिलाने तपासून दिलेला असतो, प्रिंट स्वच्छ असते. घोडं पेंड खातं ते सही करणाऱ्याच्या ओळखीपाशी. ओळखपत्राची मुदत संपलेली असते, किंवा ते घरी राहिलेलं असतं, किंवा त्यावरचं नाव कागदावरच्या नावाशी जुळत नाही. मग "ताई, तुम्ही तर आम्हाला चांगलं ओळखता की" हे वाक्य येतंच.

कॅलिफोर्नियात २००८ सालापासून नोटरीची स्वतःची ओळख हा पुरावा राहिलेला नाही. समोर माझा सख्खा भाऊ बसला तरी त्याच्याकडून ओळखपत्र घ्यावंच लागतं. दुसऱ्या काही राज्यांत नोटरी प्रत्यक्ष ओळखत असेल तर अजून चालतं, त्यामुळे एका राज्यातला अनुभव दुसऱ्या राज्यात लावू नका. गोंधळ बहुतेक इथेच होतो.

आमच्याकडे कोणती ओळखपत्रं चालतात ते कायद्यात नावानिशी दिलेलं आहे. कॅलिफोर्निया डीएमव्हीचं (म्हणजे राज्याच्या मोटार वाहन विभागाचं) लायसन्स किंवा आयडी कार्ड, अमेरिकी पासपोर्ट, दुसऱ्या राज्याचं लायसन्स, लष्कराचं ओळखपत्र, आणि चालू असलेला परदेशी पासपोर्ट. भारतीय पासपोर्टवर पूर्वी इथल्या इमिग्रेशनचा शिक्का लागायचा, २०१७ पासून ती अट गेली. डीएमव्हीचं कार्ड किंवा अमेरिकी पासपोर्ट चालू तरी हवा, नाहीतर गेल्या पाच वर्षांत दिलेला तरी हवा. आधार कार्ड, पॅन कार्ड, मतदार ओळखपत्र, ओसीआय कार्ड यांपैकी काहीही यादीत नाही. आधार पुढे केलं आणि मी नाही म्हटलं की लोक दुखावतात, पण यादीबाहेरचं कार्ड स्वीकारायचा अधिकार मला नाही.

कार्ड बघते कसं, तेही सांगते, कारण नोटरी नुसती नजर टाकते असा अनेकांचा समज आहे. पाकिटाच्या प्लास्टिकच्या कप्प्यातून कार्ड बाहेर काढून हातात द्यायला सांगते. लायसन्सवरच्या जन्मतारखेवरून बोट फिरवते, आकडे उठून लागतात का ते बघते. कडा सुटल्यात का, फोटोभोवती काही चिकटवल्याची रेघ दिसते का ते उजेडाकडे धरून पाहते. मग फोटो आणि चेहरा. केस, चष्मा, वजन या गोष्टी बदलतात, म्हणून मी कान, भुवया आणि हनुवटी बघते. शेवटी कागदावरची सही कार्डावरच्या सहीशेजारी ठेवते. हे सगळं मिनिटभरात होतं, पण ते मिनिट मी कोणासाठीही वगळत नाही.

आणखी एक गोष्ट. २०१५ पासून कॅलिफोर्नियाच्या नोटरी प्रमाणपत्राच्या वर एक चौकट छापावी लागते. तिच्यात लिहिलेलं असतं की हे प्रमाणपत्र फक्त सही करणाऱ्याची ओळख पडताळतं. कागदातला मजकूर खरा, अचूक किंवा वैध असल्याची हमी देत नाही. म्हणजे माझ्या शिक्क्याला जी काही किंमत आहे ती एवढ्या एकाच गोष्टीची. तिथे मी सैल पडले तर त्या शिक्क्यात उरतंच काय?

तुमचे प्रश्न आणि अनुभव लिहा. इतर राज्यांतले लोक असतील तर फारच उत्तम.

सांजपाखरू

फार गरजेचा धागा. आमची अडचण लगेच मांडते. आई आमच्याकडे सॅन होजेला असते, वय ७४, ग्रीन कार्ड आहे. भारतीय पासपोर्टची मुदत संपून बराच काळ झाला, प्रवास नसल्याने नवा काढला नाही. नाशिकचं घर विकायचंय, भावाच्या नावे मुखत्यारपत्र करायचंय. एका ठिकाणी गेलो तर ग्रीन कार्ड चालत नाही म्हणाले. अमेरिकेच्याच सरकारने दिलेलं कार्ड अमेरिकेतल्या नोटरीला कसं चालत नाही?

करंजवन

सांजपाखरू, त्यांनी बरोबरच सांगितलं. ग्रीन कार्ड आमच्या यादीत नाही. फ्लोरिडात इमिग्रेशन खात्याचं कार्ड चालतं, तिथल्या कायद्यात तसं लिहिलंय. प्रत्येक राज्याने आपापली यादी केलीय, केंद्र सरकारचा यात संबंध नाही.

तुमच्यासाठी सगळ्यात सरळ रस्ता डीएमव्हीचा. वयाची ६२ वर्षं पूर्ण झालेल्यांना कॅलिफोर्नियात आयडी कार्ड विनाशुल्क मिळतं, दहा वर्षं चालतं. गाडी चालवता यायची गरज नाही. आईंचं ग्रीन कार्ड तिथे पुरावा म्हणून चालेल. राहत्या पत्त्याचे कागद लागतील. ते कार्ड एकदा आलं की नोटरीचाच नव्हे, बँकेचाही प्रश्न मिटतो.

दुसरा रस्ता साक्षीदारांचा. ज्याच्याकडे यादीतलं कुठलंच ओळखपत्र नाही आणि ते मिळवणं खूप अवघड आहे, त्याच्यासाठी दोन साक्षीदार शपथेवर सांगू शकतात की ही व्यक्ती तीच आहे. साक्षीदारांकडे स्वतःची यादीतली ओळखपत्रं हवीत, ते आईंना प्रत्यक्ष ओळखत असले पाहिजेत, त्यांचा व्यवहारात आर्थिक हितसंबंध नको आणि कागदात त्यांचं नाव नको. म्हणजे मुखत्यार म्हणून ज्या भावाचं नाव आहे तो चालणार नाही. घराच्या पैशात तुमचा वाटा असेल तर तुम्हीही नाही. साक्षीदार नोटरीच्या ओळखीचा असेल तर एकही पुरतो, पण त्यालाही ओळखपत्र दाखवावं लागतं.

पण तुमच्या बाबतीत मी हा रस्ता घेणार नाही. आईंना डीएमव्हीत नेणं शक्य आहे, मग "ओळखपत्र मिळवणं खूप अवघड आहे" अशी शपथ साक्षीदारांनी कशी घ्यायची? ती शपथ खोटी ठरली तर साक्षीदार अडकतात. आणि या वाटेत समाधानकारक पुरावा न घेणाऱ्या नोटरीला दहा हजार डॉलरपर्यंत दिवाणी दंड आहे.

टेक्सासनिवासी

टेक्सासची माहिती देतो, कारण आमच्याकडे याच्या उलट अनुभव आला.

सासूबाई व्हिजिटर व्हिसावर आल्या होत्या. भारतातल्या एका विमा कंपनीसाठी प्रतिज्ञापत्र करायचं होतं. चालू भारतीय पासपोर्ट होता, पण नोटरीने नाही म्हटलं. दुसरीकडे गेलो, तिथेही तेच. मी वैतागलो होतो, मग कायदा स्वतः काढून वाचला. टेक्सासमध्ये ओळखपत्र अमेरिकेच्या केंद्र सरकारचं किंवा एखाद्या राज्याचं लागतं, फोटो आणि सहीसकट. परदेशी पासपोर्ट चालतो तो फक्त राहत्या घराच्या खरेदीविक्रीशी संबंधित कागदांवर. आमचा कागद विम्याचा. म्हणजे नोटरीने कायद्याप्रमाणेच केलं होतं.

शेवटी आमच्या ओळखीच्या एका बाईंनी साक्ष दिली. त्या नोटरीलाही प्रत्यक्ष ओळखत होत्या आणि सासूबाईंनाही, म्हणून जमलं. पाहुणे येणार असतील आणि कागद करायचा असेल तर ते विमानात बसायच्या आधी आपल्या राज्याचा नियम बघून ठेवा. कित्येकदा तोच कागद भारतातून निघण्यापूर्वी करून घेणं सोपं पडतं.

उंबरठा

एक शंका. माझ्या लायसन्सचा नंबर नोटरीने वहीत उतरवून घेतला, वर अंगठाही घेतला. हे कायदेशीर आहे का? ती वही उद्या कोणाच्या हाती पडली तर?

करंजवन

उंबरठा, कायदेशीर आहे आणि कॅलिफोर्नियात सक्तीचंही. प्रत्येक कामाची नोंद क्रमाने वहीत करायची असते. तारीख, वेळ, कागदाचा प्रकार, सही करणाऱ्याची सही, ओळखपत्र कोणतं, कोणी दिलं, त्याचा क्रमांक, कधी दिलं किंवा कधी संपतं. स्थावर मालमत्तेचा कागद किंवा मुखत्यारपत्र असेल तर उजव्या अंगठ्याचा ठसाही. उजवा शक्य नसेल तर डावा, तोही नसेल तर कुठलंही बोट, आणि तसं का केलं ते शेजारी लिहायचं.

या ठशाचं महत्त्व लोकांच्या लक्षात येत नाही. मोकळा प्लॉट असतो, मालक दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या देशात असतो, आणि कोणीतरी मालक बनून तो विकून टाकतो. असा माणूस बनावट लायसन्स घेऊन येतो. चांगलं बनवलेलं बनावट कार्ड नजरेतून सुटू शकतं. पण स्वतःचा अंगठा मागे ठेवून जायची तयारी त्याच्यात नसते. शाईचं पॅड पुढे सरकवलं की "फोन आला, गाडीत जाऊन येतो" म्हणणारे लोक असतात आणि ते परत येत नाहीत.

ज्येष्ठांचे ठसे घेताना मात्र धीर लागतो. उतारवयात बोटांवरच्या रेषा पुसट होतात, कातडी कोरडी पडते. जोरात दाबला की नुसता काळा डाग उमटतो. मी आधी हात कोमट पाण्याने धुवून पूर्ण पुसायला सांगते, शाई अगदी कमी लावते, आणि अंगठा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलकेच एकदाच फिरवते.

वही कुलपात ठेवायची असते, दुसऱ्या कोणाच्या ताब्यात द्यायची नसते. कोणी नोंदीची प्रत मागितली तर लेखी अर्ज लागतो, त्यात महिना, वर्ष, पक्षकारांची नावं आणि कागदाचा प्रकार लिहावा लागतो. मिळते तीही फक्त त्या एका ओळीची प्रत. नोटरीने काम सोडलं की वह्या काउंटी क्लार्ककडे जमा होतात.

लायसन्सची झेरॉक्स मात्र मी घेत नाही. वहीतली नोंद पुरेशी असते, त्यापलीकडे कोणाचे कागद माझ्याकडे पडून राहावेत असं मला वाटत नाही.

दिवाणीवकील

मी पुण्यात दिवाणी वकिली करतो. अमेरिकेत झालेली मुखत्यारपत्रं आमच्या टेबलावर येतात, म्हणून इकडची बाजू लिहितो.

नोंदणी अधिनियम १९०८ च्या ३३व्या कलमाप्रमाणे, मुखत्यारपत्र देणारा भारताबाहेर राहत असेल तर ते नोटरी पब्लिक, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी, भारतीय वाणिज्यदूत किंवा केंद्र सरकारचा प्रतिनिधी यांच्यासमोर केलेलं आणि त्यांनी प्रमाणित केलेलं असावं लागतं. असं मुखत्यारपत्र रीतसर झालंय असं न्यायालय गृहीत धरतं. पूर्वी साक्ष अधिनियमाच्या ८५व्या कलमात ही तरतूद होती, आता भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ मध्येही ती आहे. म्हणजे तुमच्या नोटरीने घेतलेल्या त्या मिनिटभराच्या खातरजमेवर आमचं अख्खं प्रकरण उभं असतं.

नोटरीनंतर अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून हेग करारानुसार सरकार जोडतं तो दाखला. भारतात हेग करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे, अमेरिकेत १९८१ पासून. अपोस्टिल लागलं म्हणजे कागद खरा ठरला, असं माझे पक्षकारही धरून चालतात. अपोस्टिल फक्त एवढंच सांगतं की ज्या नोटरीची सही आणि शिक्का कागदावर आहे, तो खरोखर नोटरी आहे. सही करणारा माणूस तोच होता का, हे त्या साखळीत एकट्या नोटरीने पाहिलेलं असतं. तिच्यानंतर कोणीही पुन्हा तपासत नाही.

कागद महाराष्ट्रात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायला विसरू नका. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाचं १८वं कलम. ही मुदत कागद राज्यात आल्यापासून मोजतात, सही झाल्यापासून नव्हे.

पारिजातक

न्यूयॉर्कबद्दल. इथे नोटरीची वैयक्तिक ओळख अजून चालते. नाहीतर फोटो आणि सही असलेलं चालू सरकारी ओळखपत्र, किंवा सही असलेली दोन चालू कागदपत्रं, किंवा साक्षीदार. नोंदवही पूर्वी सक्तीची नव्हती, २५ जानेवारी २०२३ पासून झाली, आणि नोंदी दहा वर्षं सांभाळाव्या लागतात. अपोस्टिलच्या आधी काउंटी क्लार्ककडून नोटरीची सही प्रमाणित करून घ्यावी लागते, त्याचा वेळ धरून ठेवा.

एक प्रश्न आहे. हल्ली ऑनलाइन नोटरी मिळते, व्हिडिओ कॉलवर काम होतं. वडील सध्या आमच्याकडे आहेत, चार महिन्यांसाठी. त्यांच्यासाठी हे जमेल का?

करंजवन

पारिजातक, वडिलांसाठी बहुधा जमणार नाही, आणि ते का, हे समजून घेण्यासारखं आहे.

ऑनलाइन नोटरीची सुरुवात व्हर्जिनियाने २०१२ मध्ये केली, आता बऱ्याच राज्यांत आहे. तिथे कार्ड माझ्या बोटांखाली नसतं, म्हणून ओळख दोन बाजूंनी तपासतात. आधी ओळखपत्राचे फोटो घेऊन सॉफ्टवेअर ते खरं आहे का बघतं. मग सही करणाऱ्याला त्याच्या आयुष्यातले प्रश्न येतात. आधी कुठल्या पत्त्यावर राहत होता, अमुक वर्षी कोणत्या बँकेकडून गाडीचं कर्ज घेतलं, असे. साधारण पाच प्रश्न, दोन मिनिटं, निदान चार बरोबर यावे लागतात. हे प्रश्न निघतात ते अमेरिकेतल्या कर्जाच्या आणि पत्त्यांच्या नोंदींतून. चार महिन्यांसाठी आलेल्या माणसाच्या नावावर इथे कर्ज नाही, घर नाही, क्रेडिट कार्ड नाही. त्यांच्यासाठी प्रश्नच तयार होत नाहीत. काही ठिकाणी दुसऱ्या पद्धती चालतात, पण परदेशी पाहुण्यासाठी त्या सहज मिळत नाहीत.

कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये ऑनलाइनला परवानगी देणारा कायदा केला, पण इथल्या नोटरींसाठी तो प्रत्यक्ष सुरू व्हायला २०३० उजाडू शकतं. दुसऱ्या राज्यातल्या नोटरीने ऑनलाइन केलेलं काम मात्र इथे मान्य होतं.

दिवाणीवकील

ऑनलाइनबद्दल माझं मत. भारतातल्या मालमत्तेच्या मुखत्यारपत्रासाठी ते वापरू नका. कायदा "नोटरीसमोर" म्हणतो. पडद्यावरची हजेरी त्यात बसते की नाही यावर उद्या समोरचा वकील दिवसभर वाद घालू शकतो, आणि दुय्यम निबंधक कार्यालयात कागद आधीच अडकू शकतो. तासभर गाडी चालवून प्रत्यक्ष नोटरी गाठा, नाहीतर भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकन करा.

मधलीवाट

सगळं वाचलं. पण मला हे नियम कठोर वाटतात, स्पष्टच लिहितो. माझे वडील अंथरुणाला खिळलेले आहेत. लायसन्स केव्हाच संपलं, पासपोर्टही. त्यांना स्ट्रेचरवरून डीएमव्हीत न्यायचं का? आमच्या गल्लीतल्या नोटरीबाई त्यांना कित्येक वर्षं ओळखतात, सणावाराला घरी येतात. त्यांच्या डोळ्यांसमोर वडील सही करतील. यापेक्षा मोठी ओळख कोणती? प्लास्टिकचं कार्ड खरं आणि माणूस खोटा, हा कुठला न्याय?

करंजवन

मधलीवाट, तुमच्या वडिलांसारख्यांसाठीच कायद्यात साक्षीदारांचा रस्ता ठेवलाय. सांजपाखरूंना मी तो नको म्हटलं, तुम्हाला हाच घ्या म्हणते. यादीतलं कोणतंही कार्ड नाही आणि ते मिळवणं खरोखर अवघड आहे, दोन्ही अटी पूर्ण होतात. शेजारचे दोन प्रामाणिक लोक बघा, ज्यांचा वारसा हक्काशी काही संबंध नाही. नोटरी घरी येऊ शकते, बिछान्याजवळ बसून काम होऊ शकतं. सही करण्याइतका हात चालत नसेल तर खूण करता येते. त्यासाठी खूण होताना पाहणारे दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक खुणेशेजारी वडिलांचं नाव लिहितो.

तुमच्या न्यायाच्या प्रश्नालाही उत्तर देते, कारण तो प्रश्न मनापासून आलाय. त्या बाई तुमच्या वडिलांना ओळखतात यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण "मी ओळखते" एवढ्यावर शिक्का मारायची सोय ठेवली की ती सोय सगळ्यांनाच मिळते. पुतण्याने आणलेल्या अनोळखी म्हाताऱ्यालाही कोणीतरी "हे माझे काका, तुम्ही मागे भेटलात की" म्हणून पुढे करू शकतं. भिडस्त नोटरी मान हलवते आणि एखाद्याचं घर जातं. पाच वर्षांनी न्यायालयात विचारलं की तुम्ही कशावरून ओळखलंत, तर तिच्याकडे आठवणीशिवाय दाखवायला काही नसतं. साक्षीदारांच्या वाटेत दोन माणसांची शपथ, त्यांच्या सह्या, त्यांच्या कार्डांचे क्रमांक वहीत राहतात. तुमच्या वडिलांच्या सहीला उद्या कोणी आव्हान दिलं तर तीच वही त्यांच्या बाजूने उभी राहते.

आजारी माणसाकडे गेले की मी आणखी एक करते. घरच्यांना पाच मिनिटं बाहेर थांबायला सांगते आणि त्यांच्याशी एकटी बोलते. नाव, जन्मतारीख, हा कागद कशाचा आहे, कोणाला अधिकार देताय. उत्तरं त्यांच्या तोंडून आली पाहिजेत. घरच्यांना राग येतो. येऊ दे. सही त्यांची आहे.

मधलीवाट

उत्तर पटलं. शेजारच्या दोघांशी बोलतो. धन्यवाद.

नुसतंचनाव

माझ्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आहे, सगळं नाव एकाच रकान्यात. त्यामुळे इथे व्हिसावर नावाच्या जागी एफएनयू (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) आलं आणि लायसन्सवरही तेच. मुखत्यारपत्रात माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं नीट लिहिलंय. नोटरी म्हणाली जुळत नाही. आता नाव बदलून घ्यायचं का?

करंजवन

एवढ्यासाठी नाव बदलू नका. लायसन्सऐवजी चालू भारतीय पासपोर्ट न्या, तुमच्या राज्यात तो चालत असेल तर. आणि मुखत्यारपत्रातलं नाव पासपोर्टवर आहे अक्षरशः तसं करून घ्या.

नोटरींना शिकवलेला एक ठोकताळा आहे. ओळखपत्रावरचं नाव कागदावरच्या नावापेक्षा मोठं असेल तर चालतं, लहान असेल तर नाही. कार्डावर स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव अशी तिन्ही असतील आणि कागदावर पहिलं नि शेवटचं, तर मी सही घेते. कागदावर तिन्ही आणि कार्डावर दोनच, तर ते मधलं नाव तुमचंच आहे हे मला कशावरून कळणार? आपल्याकडे लग्नानंतर मधलं आणि शेवटचं अशी दोन्ही नावं बदलतात, त्यामुळे बायकांना हा त्रास जास्त होतो. माहेरच्या नावाची जमीन, सासरच्या नावाचा पासपोर्ट.

दिवाणीवकील

यात इकडून मदत होऊ शकते. मुखत्यारपत्राच्या सुरुवातीला पासपोर्टवरचं नाव लिहा. मालमत्तेच्या कागदावर दुसरं नाव असेल तर "सातबाऱ्यावर अमुक नावाने नोंद असलेली हीच व्यक्ती" असं निवेदन मजकुरात घाला आणि लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची जाहिरात सोबत जोडा. दोन नावांची व्यक्ती एकच आहे, हे सिद्ध करायचं काम आमच्याकडे भारतात होतं. नोटरीकडून ते लिहून मागू नका, तिने पाहिलेल्या ओळखपत्रावरच्या नावापलीकडे ती जाऊ शकत नाही.

नुसतंचनाव

दोघांचे आभार. वकिलांना मसुदा बदलायला सांगितलाय.

सांजपाखरू

आईचं डीएमव्हीचं कार्ड आलं! आता शेवटचे दोन प्रश्न. आईला इंग्रजी येत नाही, मी शेजारी बसून सांगितलं तर चालेल ना? आणि ती सही मराठीत करते, कार्डावरही मराठीतच आहे. कागदावर इंग्रजीत करायला शिकवू का?

करंजवन

इंग्रजी सही मुळीच शिकवू नका. आयुष्यभर जशी केली तशीच करू द्या. कार्डावर देवनागरी आणि कागदावर चाचरत काढलेली इंग्रजी अक्षरं, तर जुळवायचं कशाशी?

भाषेचं मात्र तुमच्याकडून चालणार नाही. कॅलिफोर्नियात नोटरीने सही करणाऱ्याशी थेट बोलता आलं पाहिजे, मध्ये दुभाषा ठेवायचा नाही. भाषा जुळत नसेल तर ती भाषा येणाऱ्या नोटरीकडे पाठवायचं. कागद कोणत्याही भाषेतला असू शकतो, बोलणं मात्र दोघांना कळणाऱ्या भाषेत हवं. म्हणून मराठी येणारी नोटरी शोधा. जवळपास कोणी नसेल तर मला निरोप पाठवा, सॅन होजे मला लांब नाही.

येताना आईंचं कार्ड मूळ आणा, फोनमधला फोटो नको. मुखत्यारपत्राची सगळी पानं आणा, रिकाम्या जागा भरलेल्या असू देत. त्यावर आधी सही करून आणू नका. वकीलसाहेबांनी वर लिहिलंय तसं भारतातल्या कायद्याला ती नोटरीसमोर झालेली हवी. आणि भाऊ सोबत येणार असतील तर त्यांना पाच मिनिटं बाहेर बसावं लागेल, हे आधीच सांगून ठेवा.